वर्गातलं कौतुक : कुणाचं, कशाचं आणि किती मोठ्याने?

हिरवा_फळा (धागाकर्ती)

मी प्राथमिकचे वर्ग शिकवते. मुलांचा आत्मविश्वास वाढायचा तर वर्गात त्यांचं कौतुक व्हायला हवं, हे आता सगळेच म्हणतात. प्रशिक्षणात ऐकायला मिळतं, पालकसभेत पालकही म्हणतात. पण ते करायचं कसं, यावर आपण शिक्षक आपसात फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा.

कुठल्याही वर्गात तासभर मागे बसून ऐका. शाबासकी त्याच पाच-सहा मुलांच्या वाट्याला येते. हात आधी वर करणारी, वळणदार अक्षराची, तोंडी हिशोब झटकन सांगणारी. दंगेखोर मुलांचीही नावं सतत घेतली जातात, अर्थात ओरडण्यासाठी. मधला मोठा गट मात्र हजेरीपुरताच. ही मुलं वही वेळेवर देतात, कुणाला त्रास देत नाहीत, विचारलं तर हळू आवाजात उत्तर देतात. आपलं नाव आणि आपण केलेली एखादी चांगली गोष्ट एकाच वाक्यात ऐकायला मिळणं त्यांच्या नशिबात आठवडेच्या आठवडे नसतं. माझा जीव या मुलांसाठी तुटतो, कारण ती तक्रारही करत नाहीत.

त्यासाठी मी टाचणवहीच्या मागच्या पानांवर सगळ्या वर्गाची नावं लिहून ठेवते आणि प्रत्येकासमोर मला स्वतःला दिसलेली एखादी गोष्ट टिपते. ‘गृहपाठ पूर्ण’ अशी नोंद तिथे चालत नाही. ‘वजाबाकीत हातचा घेतल्यावर दशकाच्या घरातला आकडा आठवणीने एकने कमी केला’ ही नोंद चालते. ‘गोष्ट वाचताना प्रश्नचिन्हापाशी आवाज बदलला’ ही चालते. ज्या नावासमोरची जागा कोरी राहते, त्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवायचं.

आणि मग टिपलेलं वाक्य मुलाला जसंच्या तसं सांगायचं. “तू दशकातला एक कमी करायला विसरला नाहीस, म्हणून उत्तर बरोबर आलं.” यात एकही विशेषण नाही. पण मूल लगेच वहीत तो आकडा शोधतं. पुढच्या वेळी पुन्हा काय करायचं, हे त्याला त्या वाक्यातून कळतं. नुसतं ‘छान’ म्हटलं की ते खूश होतं, पण कशामुळे छान झालं हे त्याच्या हाती लागत नाही.

तुम्ही काय करता? सगळ्यांसमोर बोलता की बाजूला घेऊन? उत्तर चुकलेल्या मुलाला काय म्हणता? तारे, स्टिकर यांच्याबद्दल काय अनुभव? शिक्षक, पालक, पूर्वीचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

सहावीची_आई

चांगला विषय काढलात ताई. माझी मुलगी पहिलीपासून ‘वर्गातली हुशार मुलगी’. बाई म्हणायच्या, नातेवाईक म्हणायचे, शेजारी म्हणायचे. आता सहावीत आहे आणि अवघड प्रश्न आला की ती तो सोडूनच देते. चुकत नाही, प्रयत्नच करत नाही. विचारलं तर म्हणते, “मला तो करायचा नव्हता.” कमी गुणांची चाचणी दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवलेली सापडते. इतकं कौतुक मिळालेल्या मुलीचा आत्मविश्वास असा कसा डळमळला, हे मला समजत नाही.

पानोपानी

@सहावीची_आई, तुम्ही लिहिलंय त्याच्याशी फार जवळून जुळणारे प्रयोग झालेले आहेत. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी ते १९९८ साली प्रसिद्ध केले. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी दिली आणि ती सुटल्यावर प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं. काहींना ‘तू यात हुशार दिसतोस’, काहींना ‘तू मेहनत घेतलेली दिसते’. मग पुढची कोडी निवडायला दिली. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल सोप्या कोड्यांकडे होता, मेहनतीबद्दल ऐकलेल्या बहुतेकांनी काहीतरी नवं शिकवणारी अवघड कोडी मागितली. त्यानंतर मुद्दाम फार कठीण कोडी देऊन सगळ्यांना अडवलं आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. हुशार म्हटलेली मुलं आता पहिल्यापेक्षाही कमी सोडवू शकली. मेहनतीबद्दल ऐकलेली मुलं मात्र पहिल्यापेक्षा पुढे गेली.

त्यातला एक भाग माझ्या मनातून जात नाही. मुलांना आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी कागदावर लिहायला सांगितले होते. हुशार म्हटलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी ते फुगवून लिहिले. तुमच्या मुलीची घडी केलेली चाचणी मला त्याच जातीची वाटते. हुशारी ही एकदा मिळालेली पदवी आहे असं वाटलं की प्रत्येक कठीण प्रश्न ती काढून घ्यायला आलेला असतो. मग प्रश्नाला हातच न लावणं सगळ्यात सुरक्षित.

इथे एक धोकाही सांगतो. हे वाचून काही लोक प्रत्येक मुलाला ‘छान प्रयत्न केलास’ म्हणू लागले. चुकीच्या पद्धतीने तासभर झगडून हाती काही न लागलेल्या मुलाला हे वाक्य दिलासा म्हणून पुरतं, पण त्याचा रस्ता तसाच बंद राहतो. नुसत्या प्रयत्नाची स्तुती करून थांबू नका, असं ड्वेक यांनीही पुढे जाहीरपणे लिहिलं. धागाकर्तीच्या उदाहरणात मेहनतीपेक्षा पद्धतीचं नाव घेतलंय. मला ते जास्त पटतं.

काटकोन

मी आठवी-नववीला गणित शिकवतो. प्राथमिकचं सगळं इथे जसंच्या तसं चालत नाही.

या वयातल्या मुलाचं वर्गासमोर मोठ्याने कौतुक केलं, तर मधल्या सुट्टीत त्याला त्याची किंमत मोजावी लागते. ‘सरांचा लाडका’ हे बिरूद एकदा चिकटलं की तो पुढच्या तासाला हात वर करत नाही. त्यामुळे मी बाकांमधून फिरताना वहीवर बोट ठेवून हळूच बोलतो. “ही रचना तुला सुचली? कुणी दाखवली नव्हती?” एवढंच, आणि पुढे जातो. चार पावलं गेल्यावर मागे पाहिलं तर तो पुढचा प्रश्न सोडवायला लागलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोठी मुलं कौतुकाचा हिशोब करतात. सोपं गणित सुटल्यावर मी एकाला ‘वा, फारच छान’ म्हटलं आणि तेच गणित सोडवणाऱ्या शेजाऱ्याला काहीच म्हटलं नाही, तर पहिला काय समजेल? सरांना माझ्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती. मग ती स्तुती त्याला टोचते. वर्गातल्या ‘कच्च्या’ मुलांच्या बाबतीत हे रोज घडतं, आणि करणाऱ्या शिक्षकाचा हेतू अगदी स्वच्छ असतो.

पानोपानी

काटकोन सर, यावर १९८७ साली बार्कर आणि ग्रॅहम यांचा अभ्यास आला होता. मुलांना चित्रफीत दाखवली. दोन मुलगे तेच सोपं काम सारखंच बरोबर करतात, शिक्षक एकाची स्तुती करतात, दुसऱ्याला नुसतं ‘बरोबर’ म्हणतात. चार-पाच वर्षांच्या प्रेक्षकांना स्तुती झालेला मुलगा जास्त हुशार वाटला. अकरा-बारा वर्षांच्यांना तोच कमी कुवतीचा वाटला. म्हणजे पहिलीत चालणारं वाक्य सहावी-सातवीत उलटं पडू शकतं.

जुना_विद्यार्थी

मी निवृत्त माणूस आहे, नातवंडं शाळेत आहेत. सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

आमच्या वेळी कुणी पाठ थोपटत नव्हतं. चुकलं तर बोलणी खायचो, बरोबर आलं तर पुढचं गणित मिळायचं. तरी शिकलो, नोकऱ्या केल्या, संसार केले. आज उठता-बसता कौतुक ऐकून मुलांना ‘नाही’ हा शब्द सोसवत नाही, असं मी घरात बघतो. बाहेरच्या जगात कोण येऊन शाबासकी देणार आहे? मुलांना थोडं घट्ट होऊ द्यावं.

हिरवा_फळा

काका, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते बऱ्याच पालकांच्या मनात असतं, आणि त्यातला मोठा भाग मला मान्य आहे. उठता-बसता होणाऱ्या कौतुकाला अर्थ उरत नाही. चूक दाखवायलाच हवी. मी लाल शाई टाकून दिलेली नाही.

पण ‘आम्ही शिकलो’ म्हणताना जे मागे राहिले त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत. तुमच्या वर्गातली किती मुलं मधूनच शाळा सोडून गेली असतील, आणि त्यातल्या किती जणांना ‘मला हे जमणार नाही’ हे बोलणी खाऊनच पटलं असेल?

एलिझाबेथ हरलॉक यांचा १९२५ सालचा एक जुना प्रयोग मी वाचला आहे. चौथी आणि सहावीच्या मुलांना काही दिवस रोज बेरजा सोडवायला दिल्या. एका गटाची सर्वांदेखत स्तुती व्हायची, दुसऱ्याला बोलणी बसायची. तिसरा गट त्याच खोलीत बसून हे सगळं ऐकायचा, पण त्याच्याशी कुणी काही बोलायचं नाही. बोलणी खाणारा गट सुरुवातीला सुधारला आणि मग घसरला. स्तुतीचा गट सगळ्यात पुढे गेला. दुर्लक्षित गटाची सुधारणा बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही कमी होती.

मला यातला तिसरा गट महत्त्वाचा वाटतो. माझ्या वर्गातला मधला गट तोच आहे. तुमच्या वेळचे मास्तर बोलायचे तरी, म्हणजे मुलाकडे त्यांचं लक्ष होतं. कुणी पाहतच नाही ही अवस्था मुलाला घट्ट करत नाही. मूल हळूहळू वर्गातून मनाने उठून जातं.

जुना_विद्यार्थी

हा मुद्दा पटला. आमचे मास्तर कठोर होते, पण प्रत्येकाची पाटी बघायचे, हे खरं आहे.

रंगपेटी

बालवाडीतून लिहितेय. तारे आणि स्टिकरांबद्दल विचारलंय म्हणून.

भिंतीवर तक्ता असतो, प्रत्येक मुलाच्या नावापुढे चमकीचे तारे. पाहुणे आले की तक्त्याचे फोटो काढतात. पण ज्याच्या नावापुढे दोनच तारे आहेत ते मूल रोज त्या भिंतीसमोर बसतं, याचा विचार करा. त्याला अजून वाचता येत नाही, पण रांग लांब की आखूड हे चांगलं कळतं. मी तो तक्ता कधीच लावत नाही आणि कुणी आग्रह केला तर कारण सांगते.

बक्षिसांचा आणखी एक परिणाम १९७३ च्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात दिसला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे वर्गात रंगाचे पेन पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. अचानक मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती.

मी यातून घेतलेला अर्थ असा की जे काम मूल आनंदाने करतंय त्याला आमिष लावू नये. जिथे मुळात पाऊलच उचललं जात नाही, जसं काही मुलांना पेन्सिल हातात धरायचाच कंटाळा असतो, तिथे सुरुवातीला छोटंसं बक्षीस देऊन बघायला माझी हरकत नाही. मात्र मूल रुळलं की ते हळूच बंद करावं.

मी चित्र बघून ‘सुंदर’ म्हणत नाही. खाली बसते आणि दिसेल ते बोलते. “इथे तू निळ्यावर पिवळा घासलास तर हिरवा झाला की.” की ते मूल पंधरा मिनिटं मला चित्राची गोष्ट सांगत बसतं.

मधली_सुट्टी

सगळं वाचायला छान वाटतं, पण माझ्या वर्गात साठ मुलं आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा. त्यात हजेरी, वह्या, वर्गाबाहेरची कामं. प्रत्येकाचं निरीक्षण करून वेगळं वाक्य बोलायला वेळ कुठून आणू? कृपया व्यवहार्य काही सांगा. मनापासून विचारतेय.

हिरवा_फळा

@मधली_सुट्टी, ही अडचण खरी आहे. मी एका दिवसाला पाच नावं धरते. साठ मुलांच्या वर्गात बारा शाळेचे दिवस, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो. सकाळी पाच नावांवर खूण करायची, दिवसभर बाकी काम नेहमीसारखं, फक्त त्या पाचांवर डोळा थोडा जास्त. एक वाक्य बोलायला दहा सेकंदं लागतात. दिवसाचं एक मिनिटही होत नाही.

वह्यांचंही तसंच. साठ वह्यांवर ‘छान’ लिहिण्याऐवजी पंचावन्न वह्यांवर फक्त बरोबर-चूक आणि सही, आणि पाच वह्यांवर एक पूर्ण वाक्य. त्या पाच वह्या रोज वेगळ्या.

आणि वेळच न लागणारा एक उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर किंवा पुढे नेलं, तर उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली, ज्यांना शिक्षक ‘मंद’ समजत होते त्यांचा सहभाग वाढला. मुलासमोर शांतपणे थांबणं म्हणजे ‘तुझ्याकडे उत्तर असणार, मला घाई नाही’ असं त्याला कळवणं. ही मला कुठल्याही स्तुतीपेक्षा मोठी ओळख वाटते. तीन सेकंदं ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गात फार लांब वाटतात. मनातल्या मनात आकडे मोजा.

सोबती

मी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करते. वाचनात अडखळणारी, अक्षरांची अदलाबदल करणारी, तोतरं बोलणारी मुलं. आमच्याकडे येईपर्यंत या मुलांनी दोन प्रकारची वाक्यं पोटभर ऐकलेली असतात, हेटाळणीची आणि दयेची. एक ओळ वाचली की ‘अरे व्वा, जबरदस्त, कमाल!’ हे दयेचं. मुलांना ते बरोबर ओळखू येतं.

एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे तपासलं. मुलांना एका प्रसिद्ध चित्राची नक्कल करायला दिली. काहींना ‘तू सुंदर चित्र काढलंस’, काहींना ‘तू अविश्वसनीय सुंदर चित्र काढलंस’, काहींना काहीच नाही. नंतर पुढच्या चित्रांत सोपी-अवघड निवड दिली. स्वतःबद्दल कमी विश्वास असलेल्या मुलांनी फुगवलेली स्तुती ऐकल्यावर अवघड चित्रं टाळली. साधी स्तुती ऐकलेल्यांनी टाळली नाहीत. गंमत म्हणजे मोठी माणसं फुगवलेली स्तुती नेमकी याच मुलांना जास्त देतात, असंही त्या अभ्यासात आढळलं. ‘अविश्वसनीय’ ऐकलं की पुढचं चित्रही तसंच यायला हवं, आणि ते येणार नाही याची त्या मुलाला खात्री असते.

आमच्याकडे मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या वहीशी होते. महिन्याभरापूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवायचं आणि गप्प बसायचं. ‘काय फरक दिसतो?’ एवढंच विचारायचं. मूल स्वतः सांगतं, “तेव्हा मी ‘भ’ आणि ‘म’ एकच काढायचो.” ही ओळ त्याच्या तोंडून निघाली की माझ्या शंभर शाबासक्यांहून वरचढ ठरते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला जमेल’ या भावनेचे चार स्रोत मांडले. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहणं, दुसऱ्याने शब्दांनी दिलेला भरवसा आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. त्यांत सगळ्यात बळकट पहिला. आपण शिक्षक बहुतेक वेळा तिसऱ्यावर सगळी भिस्त ठेवतो. मुलाला जमेल एवढ्या पायरीचं काम आखून देणं हे कौतुकाच्या आधी यायला हवं. जमलेलंच काही नसेल, तर दाखवणार काय?

मागचा_बाक

मी आता महाविद्यालयात आहे. माझी जागा नावाप्रमाणेच होती.

सातवीत शेकडेवारीचं एक गणित मी सरांनी शिकवलं तसं न करता आधी दहा टक्के काढून, त्याची निमपट करून पाच टक्के काढून, बेरीज करून सोडवलं होतं. सर वही तपासताना थांबले. म्हणाले, “हे बरोबर आहे. उद्या फळ्यावर दाखवशील का? नको वाटलं तर मी दाखवतो, तुझं नाव सांगून.” मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी सरांनी ती रीत फळ्यावर लिहिली, कुणाची ते सांगितलं आणि पुढे वर्षभर ‘दहा टक्क्यांची रीत’ म्हणून वापरली. त्यांनी मला हुशार असं कधीच म्हटलं नाही. पण माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट सगळा वर्ग वापरत होता. काटकोन सरांनी लिहिलेला सर्वांसमोरच्या कौतुकाचा त्रास मला झाला नाही, कारण त्यांनी मला आधी विचारलं होतं आणि फळ्यावर मी नव्हतो, माझी रीत होती.

काटकोन

@मागचा_बाक, तुमच्या सरांना नमस्कार. आधी विचारणं ही गोष्ट मी उद्यापासून उचलतो.

चुकलेल्या उत्तराचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. अपूर्णांकांच्या बेरजेत पाव अधिक पाव विचारलं की काही मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन अष्टमांश लिहितात. इथे ‘चूक’ म्हणून पुढे गेलो तर मूल मिटतं. ‘छान प्रयत्न’ म्हटलं तर चूक तशीच राहते. मी विचारतो, “हीच रीत अर्धा अधिक अर्धा यावर चालवून बघ.” मूल लिहितं, दोन चतुर्थांश. मग स्वतःच थबकतं, “म्हणजे परत अर्धाच? दोन अर्धे मिळून अर्धा कसा होईल?” तेव्हा म्हणायचं, “तुझ्या रीतीत काय बिघडलंय ते तूच पकडलंस. ताळा असा करायचा असतो.” कौतुक चुकीचं केलं नाही आणि उत्तराचंही नाही, चूक शोधल्याचं केलं. माझ्या मते गणितात धीर येतो तो इथून. ज्याला आपली चूक आपण पकडू शकतो हे कळलं, तो परीक्षेत कोऱ्या पानासमोर घाबरून बसत नाही.

शेऱ्यांबद्दल एक. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त लेखी शेरे, एकाला फक्त गुण, एकाला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. गुण आणि शेरा एकत्र दिला तर शेऱ्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे मी चाचणीची वही आधी शेऱ्यासह परत देतो, मुलं दुरुस्ती करतात, गुण दोन दिवसांनी सांगतो. मुलं कुरकुरतात, पण शेरा वाचतात.

रंगपेटी

आणखी एक खटकणारी गोष्ट. ‘बघा, ती कशी हाताची घडी घालून शांत बसलीय!’ हे कौतुक वाटतं, पण खरं तर ते बाकीच्यांना दटावणं असतं. त्या मुलीशी आपण बोलतच नाही, तिचा वापर करतो. आणि बाकीची मुलं राग आपल्यावर नाही, तिच्यावर काढतात. तिला काही म्हणायचं असेल तर तिच्याकडे बघून म्हणावं.

सहावीची_आई

सगळ्यांचे आभार, खूप काही मिळालं. पालकांनी घरी काय करावं? आणि शाळेकडून एक अपेक्षा. शाळेतून फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण फोन फक्त तक्रारीसाठीच येतो.

हिरवा_फळा

तुमच्या मुलीला काही दिवस ‘हुशार’ हा शब्दच ऐकू येऊ देऊ नका, घरच्या मोठ्यांनाही विश्वासात घेऊन सांगा. ‘किती मिळाले?’ याऐवजी ‘आज कुठे अडकलीस?’ विचारा, आणि ती अडकल्याचं सांगेल तेव्हा लगेच सोडवायला धावू नका. घडी केलेली चाचणी सापडली तर रागावू नका. दोघी मिळून उघडा आणि त्यातला एकच प्रश्न पुन्हा करून बघा. बाकीचे राहू द्या. पहिल्या वेळी ती नाहीच म्हणेल. पुन्हा विचारा.

फोनचं म्हणणं अगदी रास्त आहे. मी पाच नावांपैकी एका मुलाच्या घरी वहीत दोन ओळी लिहून पाठवते, आणि ती चिठ्ठी मुलाला आधी वाचून दाखवते, म्हणजे दप्तरात ती घेऊन जाताना त्याला धास्ती नसते. दंगेखोर मुलांच्या घरी अशी चिठ्ठी सगळ्यात आधी जायला हवी. तिथल्या पालकांनी शाळेकडून चांगली ओळ बहुधा कधीच वाचलेली नसते. आणि पुढे कधी खरी तक्रार करायची वेळ आलीच, तर ते आपलं ऐकून घेतात.

मधली_सुट्टी

पाच नावं जमण्यासारखी आहेत. पण दंगेखोर मुलात टिपायचं काय? माझ्याकडे एक जण आहे, दिवसभर सगळ्यांना ढकलत असतो. खोटं तर बोलायचं नाही ना?

सोबती

खोटं अजिबात नाही. ढकलण्यावर नियम लागू राहू द्या, त्यात सूट नको. पण दिवसातली अशी वेळ शोधा जेव्हा तो ढकलत नाही. खेळाचं साहित्य आवरताना? कुणी पडलं तर उचलायला धावताना? चित्रकलेच्या तासाला? ती वेळ सापडली की तेव्हाच, त्याच ठिकाणी, हळू आवाजात सांगा. “रांगेत दोन वेळा धक्का लागला, तू परत ढकललं नाहीस.” सगळ्यांसमोर ‘आज हा कसा शहाण्यासारखा वागतोय’ असं नको, त्यात कालचा उद्धार असतो. आणि लगेच बदल दिसला नाही तर सोडू नका. ज्या मुलाला अशा वाक्यांची सवय नाही, ते सुरुवातीला तुमची परीक्षा घेतं, मुद्दाम जास्त वाईट वागून बघतं.

हिरवा_फळा

@मधली_सुट्टी, पहिल्या पाचांत त्याचं नाव घ्या. आणि काय टिपलंत ते इथे लिहा, नाव न सांगता.

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून शेऱ्यांची तयार वाक्यं मागितली आहेत. तयार वाक्यं उचलली तर ती पुन्हा ‘छान’सारखीच होतील, म्हणून वेगळा धागा काढते. तिथे प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एक काम लिहायचं, भाषेचं, गणिताचं, चित्राचं, कसलंही, आणि आपण सगळे मिळून त्या कामावर काय लिहावं ते ठरवू. काटकोन सर, पहिलं गणित तुम्ही द्या.

काटकोन

देतो. नववीतला एक सिद्धतेचा प्रयत्न आहे, तीन पायऱ्या बरोबर, चौथीत गृहीतकच निष्कर्ष म्हणून वापरलंय. रविवारी टंकून टाकतो.